तोंड बघून न उघडणारी फणेरपेटी

मित्रांनो, मी एक जुनी फणेरपेटी आहे आणि मला एका फोनचा हेवा वाटतो. आपली कहाणी सांगणाऱ्यानं आधी आपले गुण सांगावेत, अशी रीत आहे. पण गुण सांगून झाले की दुर्गुण सांगायला जीभ अडखळते. म्हणून मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. तशी मला जीभ नाही, ही गोष्ट वेगळी.

तुमच्यापैकी पुष्कळांनी फणेरपेटी पाहिलीच नसेल. मी हातभर लांब आणि वीतभर उंच आहे. माझं झाकण उघडून मागं टेकवलं की आतल्या बाजूनं आरसा दिसतो. त्याच्यापुढं चार खण. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी आणि एकात काजळ. कुंकू दिवसभर कपाळावर टिकावं म्हणून बायका आधी मेणाचं बोट लावायच्या, त्यासाठी ते मेण. या सगळ्याच्या तळाशी एक चोरकप्पा आहे. तो कुठून उघडतो ते मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढं तर मला राखून ठेवू द्या.

राखण माझ्या लाकडातच आहे. मंठ्याच्या बाजारात सुगनचंद शेठजींचं कापडाचं दुकान होतं. त्या दुकानाला लोखंडी शटर बसलं आणि जुना सागवानी दरवाजा भिंतीला टेकून उन्हात पडला. तातेराव सुतारांनी तो मागून आणला. त्याच्या एका फळीतून त्यांनी मला घडवलं. ज्या लाकडानं पन्नास वर्षं दुकान राखलं, ते आता एका नवरीचं गुपित राखणार होतं. ती नवरी म्हणजे तुळजाबाई. तातेराव तिचे चुलते. त्यांनी मला पितळेचं कुलूप लावलं आणि एक खोडी मुद्दाम ठेवली. किल्ली फिरवली तरी मी उघडत नाही. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबावा लागतो. लग्नात सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "किल्ली कुणीबी चोरंल, पण अंगठा कुठं ठिवायचा हे सांगितल्याशिवाय कळायचं न्हाई."

तुळजाबाईबरोबर मी वडीगोद्रीला आले. रोज सकाळी ती माझ्यापुढं बसायची. आधी किल्ली, मग अंगठा, मग तिचा चेहरा. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की मला पाहायला आत यायच्या. "काय पेटी हाय माय! बिलकुल राणीची वाटते," असं म्हणायच्या. मी फुगून जायची. पावसाळ्यात तर खरंच फुगायची, मग झाकण लागायचं नाही.

त्या घरात माझ्याबाबतीत एकच नियम होता. किल्ली तुळजाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला असायची आणि ज्याला पाहिजे त्यानं मागून घ्यायची. ती कुणालाही नाही म्हणत नसे. पण न मागता कुणी घेतही नसे. चोरकप्प्यात तिनं काय काय ठेवलं होतं! थोरल्या हरिओमचं जावळ, धाकट्या सूरजचा पहिला पडलेला दात, भावाचं एक पत्र. ते पत्र ती वर्षातून एकदा काढायची, वाचायची आणि परत ठेवायची. मी ते कधीच वाचलं नाही. पेटीनं वाचायचं नसतं.

पुढं घरात लोखंडी कपाट आलं. त्याला माणूसभर उंचीचा आरसा होता. कुंकवाची जागा टिकल्यांच्या पाकिटानं घेतली. मेण वाळून खडा झालं. माझी रवानगी ट्रंकेवर झाली आणि माझ्यावर घड्या केलेल्या गोधड्या आल्या. बारा वर्षं मी गोधड्यांखाली काढली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मला काही दिसलंच नाही.

मग शीतल आली. हरिओमची बायको, बदनापूरजवळच्या एका गावची. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं गोधड्या उचलल्या आणि सासूला ओरडून विचारलं, "आत्या, हे काय हो? किती गोड हाय!" तुळजाबाईनं किल्ली दिली, अंगठ्याची जागा दाखवली आणि नियमही सांगितला. शीतलनं माझ्या बिजागरीला खोबरेल तेल लावलं. आरशावरची धूळ पुसली. पारा जागोजागी उडाला होता, त्यामुळे तिच्या गालावर करडे ठिपके दिसायचे. ती हसून म्हणायची, "मला देवी आल्यावानी दावती ही." रात्रीची कपाळावरची टिकली ती माझ्या आरशाच्या कडेला चिकटवायची आणि सकाळी तिथूनच काढून लावायची. मित्रांनो, माझ्या कडेला लाल, मरून, काळ्या टिकल्यांची रांग होती. मला वाटायचं, मला कुणीतरी तोरण बांधलंय.

पाच वर्षं अशी गेली. शीतलला ईश्वरी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा तेवढे तीन महिने मी एकटी होते. ती परत आली तेव्हा माझ्या आरशात दोन चेहरे दिसायला लागले, एक मोठा आणि एक मुठीएवढा.

आणि मग तो आला.

हरिओमनं जालन्याहून नवा फोन आणला. काळा, चपटा, गुळगुळीत. मी मनातल्या मनात त्याचं नाव सवत ठेवलं. हरिओमनं त्याला शीतलच्या तोंडासमोर धरलं.

"इकडं बघ. आता मान डावीकडं कर. आता उजवीकडं. हसू नको."

"अहो, मला बघायला आल्ते तवा तुमच्या मामानं बी इतकं फिरवलं नव्हतं," शीतल म्हणाली.

"तोंड नोंदून घेऊन राह्यला तो. आता तुझं तोंड दिसलं की आपोआप उघडणार. किल्ली न्हाई, आकडा न्हाई. बराबर वळखतो."

तुळजाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "अन् तोंड सुजलं तर?"

"आई, त्याला समद्यातून वळखू येतं."

"नवलच हाय बाबा. तुझ्या बापाला मला वळखायला दोन साल लागले."

सगळे हसले. मी नाही हसले. माझ्यापुढं शीतल पाच वर्षं बसत होती. तिच्या कपाळावरची बारीक खूण, हसताना वर जाणारी एक भुवई, सगळं मी रोज दाखवलं होतं. पण ती समोर आली म्हणून मी कधी आपणहून उघडले नव्हते. मला ते येतच नाही. आणि हा कालचा पोरगा! तिनं नुसतं पाहिलं की उजळायचा, जणू तिचीच वाट पाहत बसला होता. दिवसातून शंभर वेळा. मला ती दिवसातून एकदा भेटायची. हळूहळू तेही कमी झालं, कारण टिकली नीट लागली का हेसुद्धा ती आता त्याच्यातच पाहायची. त्याच्यात ठिपके दिसत नव्हते.

यावर कडी अशी की त्याला चार्जिंगला लावायची जागा ट्रंकेजवळच होती. मामाशी, भावाशी समोरासमोर बोलायचं असलं की शीतल त्याला माझ्या अंगाला टेकवून उभा करायची. सवतीला टेकायला पाठ कुणाची, तर माझी!

एका दुपारी मात्र मी एक गोष्ट पाहिली आणि मला धक्का बसला. शीतल कामानं दमून चटईवर झोपली होती. चार वर्षांची ईश्वरी फोन घेऊन आली. तिनं तो दोन्ही हातांनी आईच्या तोंडावर धरला. शीतलचे डोळे मिटलेले होते, तोंड थोडं उघडं होतं. फोन उघडला! ईश्वरी कोपऱ्यात जाऊन कार्टून बघत बसली.

मी थक्क झाले. झोपलेल्या बाईच्या तोंडानं तिचंच दार उघडलं आणि तिला पत्ता नाही! तुळजाबाईच्या गळ्यातली किल्ली झोपेत कुणी ओढली असती तर तिला जाग आली असती. शीतल उठली तेव्हा तिनं पोरीची पापी घेतली. "लई हुशार झाली माझी इशू," म्हणाली आणि विषय तिथंच संपला. सूरज तेवढं म्हणाला, "वहिनी, भारीतले फोन डोळे उघडे हायेत का बघतात म्हणं. आपला स्वस्तातला हाय, तो नुसता फोटो बघितल्यावानी बघतो." पण तो चहा पिता पिता बोलला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

सूरज म्हणजे हरिओमचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. बायको कोण, तर शीतलची सख्खी धाकटी बहीण प्रणिता! सोयरीक शीतलनंच जुळवली होती. त्यामुळे त्या दोघी आता बहिणीही होत्या आणि जावाही. नाक दोघींचं अगदी एकसारखं, त्यांच्या आईचं, गोजरबाईचं. शेजारच्या बाया शीतल कोण आणि प्रणिता कोण यात नेहमी फसायच्या. प्रणितालाही मी आवडायची. सकाळी ताईनं मला उघडलं की ती माझ्यातलीच फणी घ्यायची आणि ताईच्या टिकल्या न विचारता लावायची. "मागून घे की गं," शीतल म्हणायची. "बहिणीला काय मागायचं?" प्रणिता म्हणायची.

प्रणिताला दिवस गेले. पहिली खेप. सातवा महिना लागला की माहेरी जायचं, हे ठरलेलं. ती कपडे काढून ठेवायला लागली होती. त्याच आठवड्यात त्यांचा भाऊ शिवाजी बदनापूरहून आला. प्रणिता शेजारी गेली होती. त्यानं शीतलच्या हातात एक कागद दिला.

"ताई, आईच्या छातीत गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं, कॅन्सर हाय. औषधानं बरं होईन म्हणतेत. पण आता लगेच सलाईनी सुरू करायच्या हायेत."

 शीतलनं भिंतीला हात टेकला.

"प्रणूला सांगू नको," शिवाजी म्हणाला. "आईनं शपथ घातली. तिला सातवा चालूय, पहिली खेप हाय. बाळंत झाल्यावर सांगू."

तो गेल्यावर शीतलनं सासूकडून किल्ली मागून घेतली. तिनं मला उघडलं. तिची बोटं चोरकप्प्याशी आली. कागद अर्धा आतही गेला. मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? इतक्या वर्षांनी कुणीतरी मला परत गुपित देत होतं. एवढं मोठं, एवढं जड गुपित! मी ते जिवापाड सांभाळलं असतं.

पण तिची बोटं थांबली. ती स्वतःशीच पुटपुटली, "हितं तर प्रणू रोज फणी घेती." तिनं कागद परत काढला. फोन उचलला, कागदाचा फोटो घेतला आणि कागद चुलीत टाकला. "फोनात राहीन. तो माझ्याशिवाय कुणालाच उघडत न्हाई," ती म्हणाली.

त्या दिवशी माझ्या लाकडाला जी भेग पडली, ती अजून आहे. लोक म्हणतात उन्हाळ्यानं पडली.

आता प्रणिताला माहेरी पाठवता येईना आणि का नाही हेही सांगता येईना. शीतल रोज नवं कारण काढायची. रस्ता खराब हाय. इथला डॉक्टर चांगला हाय. तिकडं पाण्याची अडचण हाय. आठ दिवस प्रणितानं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी ती माझ्यापुढं केस विंचरत होती, तेव्हा तिचा बांध फुटला.

"तुझी इशू कुठं झाली गं ताई?"

"आईकडं."

"मंग माझ्याच टायमाला रस्ता खराब झाला व्हय?"

"तसं न्हाई गं. ऐक की जरा."

"काय ऐकू? तुला तीन महिने डिंकाचे लाडू चारले आईनं. तुझ्या अंगाला तेल लावलं. माझी बारी आली तर तुझ्या पोटात दुखायला लागलं. जळती तू माझ्यावर!"

शीतल तोंड फिरवून उभी राहिली. प्रणिताला तिची पाठ दिसत होती, पण माझ्या आरशात तिचा चेहरा दिसत होता. हेवा कसा दिसतो, हे माझ्याइतकं या घरात कुणाला ठाऊक नाही. तो हेवा नव्हता. पण मला सांगता येत नव्हतं आणि शीतलला सांगायचं नव्हतं. दोघी बहिणी चार दिवस एका चुलीवर स्वयंपाक करून एकमेकींशी बोलत नव्हत्या. मीठ पाहिजे असलं तरी ईश्वरीच्या हातानं निरोप जायचा.

पाचव्या दिवशी सकाळी शीतलनं फोनवर तो फोटो पुन्हा पाहिला. मग तिनं डोळे पुसले, फोन चार्जिंगला लावून माझ्या उघड्या आरशाला टेकवला आणि ईश्वरीला न्हाऊ घालायला गेली.

प्रणिता आली. तिनं केसांचा मधून भांग पाडला. सवयीप्रमाणं माझ्या कडेची ताईची मरून टिकली काढून लावली. टिकली बरोबर मध्यावर लागली का ते बघायचं होतं, पण आरशासमोर फोन उभा होता. तिनं तो बाजूला करायला उचलला.

फोन उजळला. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि उघडला.

ईश्वरीच्या न्हाण्याच्या गडबडीत शीतलनं तो फोटो बंदही केला नव्हता. प्रणिता चोरून काही पाहायला गेली नव्हती, हे मी माझ्या सागवानाची शपथ घेऊन सांगते. पण वर आईचं नाव होतं. आईचं नाव दिसल्यावर कुठली लेक नजर वळवील?

आणि मला काय झालं ते आता खरं सांगते. मला आनंद झाला. अगदी उकळी फुटली. घ्या, म्हटलं, हा तुमचा बराबर वळखणारा! चार महिने ज्याच्या डोळ्यात शीतल बसली होती, त्याला शीतल कोण आणि प्रणिता कोण एवढंही कळलं नाही. आईच्या नाकानंच त्याला फसवलं आणि आईचंच गुपित फोडलं. मी असते तर! कागद आत ठेवून शीतलनं मला कुलूप लावलं असतं, मग आधी किल्ली मागावी लागली असती. किल्ली मागताना कुणीतरी विचारलं असतं, "काय पाहिजे बाई?" आणि त्या विचारण्यातच थोडा वेळ गेला असता, थोडं सावरता आलं असतं.

मी असं मनात बोलत असतानाच प्रणिता खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं. "ताई," ती म्हणाली. चार दिवसांनंतरचा तो पहिला शब्द होता.

शीतल ओल्या हातांनी धावत आली. तिनं बहिणीला पाहिलं, मग तिच्या हातातला उघडा फोन पाहिला. तुळजाबाईंनी पोटाला हात लावला आणि ओरडल्या, "सूरज! गाडी काढ जल्दी! पोट कडक झालंय पोरीचं!"

ते सगळे अंबडच्या दवाखान्यात गेले. घरात ईश्वरीला सांभाळायला शीतल राहिली, कारण प्रणितानं गाडीत बसताना तिच्याकडं बघितलंच नाही. शीतल माझ्यापुढं येऊन बसली. फोन जमिनीवर उलटा पडला होता, तो तिनं उचलला नाही. ती नुसती माझ्यात बघत राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि त्यावर माझे ठिपके. मित्रांनो, तेव्हा माझा आनंद कुठं गेला ते मला कळलंच नाही. मी सवतीचा पराभव मागितला होता आणि तो या दोन पोरींच्या अंगावर येऊन पडला होता. माझ्यातून हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी मला त्याची लाज वाटली.

दिवस कलायच्या आत गाडी परत आली. तुळजाबाईंनी दारातूनच हात वर केला. "बाळ बराबर हाय. घाबरल्यानं झालं म्हणले डॉक्टर. आराम सांगितला."

प्रणिता आत आली आणि बाजेवर पडली. शीतल तिच्या पायाशी बसली. 

"आईनं शपथ घातल्ती," शीतल म्हणाली.

"म्हाईत हाय. आत्यांनी शिवाजीला फोन लावल्ता, त्यानं समदं सांगितलं."

"मला वाटलं, तुला त्रास नको."

"तू सांगितलं असतंस तर मी रडलेच असते," प्रणिता म्हणाली. "पण तुझ्या गळ्यात पडून रडले असते. मला त्या फोनसमोर एकटीला रडायला लावलंस ना."

मग ती खरंच तिच्या गळ्यात पडली. दोघींनी एवढं रडून घेतलं की ईश्वरीही काही न कळता रडायला लागली. शेवटी तुळजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पुरं आता! पोरीला माहेरी जाता येत न्हाई ना? मंग माहेर हितं आणू. शिवाजीला सांगा, डॉक्टरला विचारून दोन सलाईनींच्या मधल्या सुटीत विहीणबाईला घेऊन ये."

"आत्या, आई लेकीच्या घरी राहायची न्हाई. पाणी बी पीत न्हाई ती हितं."

"माझ्या घरी राहीन. माझं घर हाय हे. तुम्ही दोघी तर काल आल्या."

त्याच संध्याकाळी शीतलनं फोनचं तोंड ओळखणं बंद करायला लावलं आणि सहा आकडे घातले. ते तिनं प्रणिताच्या कानात सांगितले. "लागला तर उघड. पण आधी मला सांग," ती म्हणाली. प्रणितानं मान डोलवली. "अन् तू बी मला सांगत जा," ती म्हणाली.

गोजरबाई आल्या तेव्हा प्रणिताला नववा लागला होता. सलाईनींनी त्यांचे केस गेले होते. डोक्याला त्यांनी सुती फडकं बांधलं होतं. गाल आत गेले होते आणि भुवया उरल्याच नव्हत्या. लेकींनी स्वतःला आवरलं. रडायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

चहा झाल्यावर गोजरबाईंनी पिशवीतून फोन काढला. शिवाजीनं त्यांना दिलेला, तसलाच, तोंड बघून उघडणारा. शिवाजी त्यांना सोडून गावात गेला होता, त्याला फोन करायचा होता. त्यांनी फोन समोर धरला. तो उघडेना. लांब धरला, जवळ धरला. तो थरथरला आणि परत काळा झाला.

"अरं मीच हाय की!" त्या हसत म्हणाल्या. "गोजर हाय रे मी!"

फोननं ऐकलं नाही.

"चार दिवस झाले असंच करून राह्यला," त्या म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "शिवाजी उघडून देतो. म्हणतो चेहरा जुळत न्हाई. बराबरच हाय त्याचं. मला तरी कुठं जुळतोय?"

 तेव्हा तुळजाबाईंनी गळ्यातला काळा दोरा काढला. त्यांनी मला ट्रंकेवरून उचलून खाली ठेवलं. किल्ली फिरवली, डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि मला गोजरबाईंकडं वळवलं.

"बसा विहीणबाई. हिला बिलकुल कुणाची वळख लागत न्हाई. जो बसंल त्याला दावती."

गोजरबाई बसल्या. त्यांनी माझ्यात पाहिलं. मी त्यांना दाखवलं, जे होतं ते सगळं, माझ्या ठिपक्यांसकट. त्यांनी हळूच डोक्याचं फडकं सोडलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आले बाई एकदाची. आले मी."

मित्रांनो, फोन आल्यापासून मला एकाच गोष्टीचा सल होता, की मला ओळखता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं. ज्याला ओळखता येतं, तो कधीतरी म्हणणार, तू ती नाहीस. मी आजवर कुणालाही असं म्हटलेलं नाही.

प्रणिता पोट सावरत आईसमोर बसली. तिनं किल्लीवाल्या सासूकडं पाहून विचारलं, "आत्या, काजळ घेऊ?"

"घे की."

तिनं माझ्या खणातली काजळाची डबी उघडली. काडीला काजळ लावून तिनं आईच्या कपाळाखाली बारीक, हलक्या हातानं एक भुवई काढली, मग दुसरी. "जरा वर गेली गं," शीतल म्हणाली. "आईची एक वरच असती हसताना," प्रणिता म्हणाली. गोजरबाई हसल्या आणि ती भुवई खरंच वर गेली. शीतलनं माझ्या कडेची लाल टिकली काढून आईला लावली.

ईश्वरीला काय सुचलं कुणास ठाऊक. तिनं आजीनं जमिनीवर ठेवलेला फोन उचलला आणि आजीच्या तोंडासमोर धरला.

फोन उघडला!

घर हसण्यानं दणाणलं. तुळजाबाईंना तर ठसका लागला. आणि मी? मी तर नुसती मिरवत होते. शेवटी सवतीच्या बहिणीला आई ओळखू आली ती माझ्या काजळानं!

"आजी, आता रोज उघडंल," ईश्वरी म्हणाली.

"व्हय, अन् मी रोज भुवया काढून ह्याच्या पुढ्यात बसू?" गोजरबाई म्हणाल्या. "शीतल, आकडे टाक बाई ह्याला. आकडे कुणाचं तोंड बघत न्हाईत."

प्रणिताला मुलगा झाला. गोजरबाईंची औषधं अजून चालू आहेत. दोन्ही फोन आता आकड्यांनी उघडतात. शीतलचा अजूनही माझ्याच पाठीला टेकून उभा असतो आणि मला अजूनही थोडं टोचतं. सगळा हेवा एका दिवसात जात नसतो.

मित्रांनो, मी अडाणी लाकूड आहे. तुमच्या फोनातलं मला कळत नाही. पण राखण कशी करतात ते मला कळतं. चेहरा तर रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतो. झोपेतही तो उघडाच असतो. बहिणीचा तो सारखा असतो आणि आजारात तो बदलतो. किल्ली हरवली तर सुताराकडून दुसरी करून घेता येते. चेहरा दुसरा कुठून आणाल? म्हणून जे जपायचं असेल त्याला मागून घ्यावी लागेल अशी किल्ली ठेवा. दुसऱ्याचं काही उघडायचं असेल तर आधी विचारा, मग ती सख्खी बहीण का असेना. आणि ज्याला सांगायला पाहिजे त्याला वेळेवर तोंडानंच सांगा. त्याला यंत्रापुढं एकटं रडायला लावू नका.

तुमच्या घरात, एखाद्या ट्रंकेवर, गोधड्यांच्या खाली माझ्यासारखी कुणी असेल तर तिला बाहेर काढा. बिजागरीला थेंबभर खोबरेल लावा. तिच्यापुढं बसा. ती तुम्हाला ओळखणार नाही. पण तुम्ही कसेही होऊन आलात तरी ती तुम्हाला परतही पाठवणार नाही.